रोमन नाण्यांवरची देवळं: ही तीन नाणी बघून सांगा, कोणतं घेऊ?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. आतापर्यंत सातवाहन आणि क्षत्रप जमवले. आता रोमन नाण्यांपैकी फक्त देऊळ कोरलेली नाणी गोळा करायची आहेत. सोन्याच्या वाटेला जायचं नाही. पहिल्या वर्षासाठी साधारण ६० हजार रुपये बाजूला काढलेत, टपाल आणि जकात धरून. सध्या तीन नाणी नजरेत आहेत, तिन्ही परदेशातल्या विक्रेत्यांकडची.

(१) कॉन्स्टंटाइन, ब्राँझ, १९ मिमी, ३.१ ग्रॅम. मागच्या बाजूला विटांची इमारत, वर दोन शिखरं, त्यांच्यामध्ये तारा. लेख 'प्रोव्हिडेन्टिए ऑग्ग', खाली 'एसएमके'. विक्रेत्याने 'रोमन देऊळ' म्हणून टाकलंय. सर्वांत स्वस्त.

(२) पहिला फिलिप, अँटोनिनियानस (चांदी मिसळलेलं नाणं), २२ मिमी, ४.१ ग्रॅम. सहा खांबांचं देऊळ, मध्ये बसलेली मूर्ती, लेख 'सेक्युलम नोव्हम'. चेहरा उत्तम, पण देवळातल्या मूर्तीचं डोकं सपाट.

(३) नीरो, सेस्टर्शियस (मोठं पितळी नाणं), ३४ मिमी, २४.८ ग्रॅम. जानसचं, म्हणजे दारांच्या देवाचं देऊळ, दार बंद. नीरोचा चेहरा बराच झिजलेला, देवळाची जाळी मात्र कालच कोरल्यासारखी. किंमत तिन्हींत जास्त, तरी अशा नाण्याच्या मानाने कमी वाटते.

शिवाय एक शंका. प्रजासत्ताकातल्या व्होल्टेयस या टांकसाळ अधिकाऱ्याच्या दिनारियसवर (चांदीचं नाणं) रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळाला चार खांब दिसतात, आणि प्रत्यक्ष देवळाला समोर सहा होते असं वाचलं. सम्राट मॅक्सेन्शियसच्या नाण्यांवर एकच देऊळ कुठे चार खांबांचं, कुठे सहा. मग खांब मोजून खरं-खोटं ठरवता येतं का? आणि भारतात मागवताना काय सांभाळायचं?

शिक्कामोर्तब

पहिलं नाणं देवळाचं नाहीच. ते छावणीचं किंवा तटबंदीचं प्रवेशद्वार आहे. संग्राहक त्याला सरसकट 'कॅम्पगेट' म्हणतात. तुम्ही ज्यांना शिखरं म्हणताय ते बुरूज आहेत. साधारण ३२४ ते ३३० या काळात हा छाप अनेक टांकसाळींतून भरमसाट निघाला. 'एसएमके' म्हणजे सिझिकसची टांकसाळ. कॉन्स्टंटाइनच्या नाण्यावर 'ऑग्ग' येतं आणि त्याच्या मुलांच्या नाण्यांवर 'केस्स', कारण ते तेव्हा सीझर, म्हणजे कनिष्ठ सम्राट होते. नाणं म्हणून वाईट नाही, पण तुमच्या विषयात बसत नाही.

देऊळ ओळखायला चार गोष्टी बघा: खांब, खांबांवरचा त्रिकोण (पेडिमेंट), खाली जोतं किंवा पायऱ्या, आणि आत मूर्ती नाहीतर दार. चारही नेहमी असतीलच असं नाही. पण खांबही नाहीत आणि त्रिकोणही नाही, नुसते विटांचे थर आहेत, तर थांबा. गोल देवळाला त्रिकोणाऐवजी घुमट असतो, तेवढा अपवाद धरा.

असेच आणखी तीन चकवे आहेत. टायबेरियसच्या काळात दिव्य ऑगस्टसच्या नावाने काढलेल्या तांब्याच्या अ‍ॅसवर 'प्रोव्हिडेन्ट' असा लेख आणि दोन झडपांच्या दारासारखं काहीतरी दिसतं. ती वेदी आहे. लुग्डुनमच्या, म्हणजे आजच्या लिऑंच्या, 'रोम एट ऑग' नाण्यांवरही वेदीच आहे, दोन बाजूंना खांबांवर व्हिक्टरी (विजयदेवी) उभ्या. तिसरा चकवा आपल्या माणसाला हमखास फसवतो: 'कॉन्सेक्रेशिओ' लेखाची, वर वर निमुळती होत जाणारी मजल्यांची रचना. आपल्याला ती दीपमाळ नाहीतर शिखर वाटते. ती सम्राटाची चिता आहे.

दुसरं नाणं घ्या. डोळे झाकून नाही, पण घ्या. २४८ मध्ये रोम शहराला हजार वर्षं झाल्याचा उत्सव फिलिपने केला. 'सेक्युलम नोव्हम', म्हणजे नवं युग, हा छाप त्याच उत्सवातला. मूर्तीचं डोकं सपाट आहे म्हणून नाराज होऊ नका, ती झीज नाही. पुढच्या बाजूच्या ठशात सम्राटाचा चेहरा खोल कोरलेला असतो. ठोका पडला की धातू त्या खोलीत शिरतो आणि मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी कमी पडतो. म्हणून या छापात मूर्तीचं डोकं आणि छाती बऱ्याचदा उठत नाही. झीज असती तर खांबांचे वरचे टोक आणि त्रिकोणाच्या कडाही गुळगुळीत झाल्या असत्या. त्या तीक्ष्ण असतील तर फक्त ठोका कमी पडलाय. किंमत पाडून मागायला मात्र हे कारण चांगलं आहे.

आता खांबांबद्दल. खांब मोजून खरं-खोटं ठरत नाही. ठसा कोरणाऱ्याकडे जागा जेमतेम १८ मिमी. त्यात देऊळ कोणतं ते कळलं पाहिजे, म्हणून तो खांब कमी करायचा, मधलं अंतर रुंद करायचा आणि तिथे मूर्ती बसवायचा. प्रत्यक्षात गाभाऱ्यात असणारी मूर्ती अशी थेट दर्शनी खांबांच्या मध्ये येऊन बसते. व्होल्टेयसच्या नाण्यावर (सुमारे इ.स.पू. ७८) चार खांब आहेत म्हणजे मधे तीन गाळे आले, आणि त्या गाळ्यांत बंद दारं. कॅपिटोलच्या देवळात गाभारे तीनच होते: ज्युपिटर, जूनो, मिनर्व्हा. खांब गेले तरी चालतील, गाभाऱ्यांचा हिशेब राहिला पाहिजे, असा तो विचार दिसतो. वरच्या त्रिकोणात वज्र आहे, म्हणजे देव कोणता हेही सांगून झालं. यातली गंमत अशी, की देऊळ इ.स.पू. ८३ मध्ये जळलं होतं आणि नव्या देवळाची प्रतिष्ठापना इ.स.पू. ६९ मध्ये झाली. नाणं मधल्या काळातलं. कोरणाऱ्यासमोर उभं देऊळ नव्हतंच.

ऑक्टेव्हियनचं (म्हणजे पुढच्या ऑगस्टसचं) 'दिवो यूल' नाणंही तसंच. त्रिकोणात तारा, खांबांवरच्या आडव्या पट्टीवर नाव, आत ज्युलियस सीझरची मूर्ती. नाणं इ.स.पू. ३६ चं आणि देवळाची प्रतिष्ठापना इ.स.पू. २९ ची. बिल्डरच्या जाहिरातीतल्या चित्रासारखं समजा.

मॅक्सेन्शियसचं देऊळ म्हणजे व्हीनस आणि रोमा (रोम शहराची देवी) यांचं. हेड्रियनने बांधलेलं, समोर दहा खांब. अँटोनायनस पायसच्या सेस्टर्शियसवर दहाच्या दहा कोरलेत, कारण तिथे ३३ मिमी जागा मिळाली. मॅक्सेन्शियसच्या फॉलिसवर (ब्राँझचं नाणं) ते चार किंवा सहावर आले. तिथे खरं-खोटं बघायचं नसतं, टांकसाळ आणि कार्यशाळा बघायची असते. खालच्या अक्षरांत 'आर' असेल तर रोम, 'एक्यू' असेल तर अक्विलेया, शेवटी 'टी' असलेली 'पीटी', 'एसटी' अशी जोडी असेल तर टिसिनम. त्रिकोणात कधी हार, कधी लांडगीण आणि जुळी मुलं. एवढ्या एका छापावर वर्षभर संग्रह चालेल.

तुमच्या बजेटात माझा क्रम असा. आधी फिलिप. मग मॅक्सेन्शियसचा 'कॉन्झर्व्ह उर्ब सुए' फॉलिस (वजन साधारण ६ ते ७ ग्रॅम) आणि प्रोबसचा 'रोमे एटेर', सहा खांबांच्या देवळात बसलेली रोमा. ही तिन्ही ठीकठाक अवस्थेत बहुधा प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास मिळतात. त्यानंतर व्होल्टेयस, किंवा थोरल्या फाउस्टिनाचा (अँटोनायनस पायसची राणी) देवळाचा दिनारियस. या दोन्हींना काही शे डॉलर लागतील. फाउस्टिनाचं देऊळ रोमच्या फोरममध्ये आजही उभं आहे, पुढे चर्च झाल्यामुळे वाचलं. समोर सहा खांब, नाण्यावरही सहा. नाणं आणि इमारत जुळवून बघायची हौस असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही. 'दिवो यूल' पुढच्या वर्षी बघा.

कसोटीदगड

तिसऱ्या नाण्यावर बोलतो. घेऊ नका असं आत्ताच म्हणत नाही, पण तुम्ही दिलेलं वर्णन ऐकून पहिली शंका 'टूलिंग'ची येते. म्हणजे नाणं खरं, पण झिजलेला तपशील कुणीतरी सुईने, छिन्नीने पुन्हा कोरलेला. देवळांच्या सेस्टर्शियसमध्ये हा रोग फार आहे, कारण खांब, जाळी, पायऱ्या या सगळ्या सरळ रेषा. चेहरा पुन्हा कोरायला हात लागतो. सरळ रेषा कोणीही ओढतं.

आधी मूळ छाप कसा असतो ते लक्षात घ्या. देऊळ तिरकं दिसतं: एका बाजूला दोन झडपांचं बंद दार, त्यावर लोंबणारी माळ, दुसऱ्या बाजूला लांब भिंत आणि तिच्यात वर जाळीची खिडकी. दार उजवीकडे असलेले आणि डावीकडे असलेले, दोन्ही प्रकार मिळतात. लेख लांबलचक: रोमन जनतेसाठी जमिनीवर आणि समुद्रावर शांतता मिळवून जानसचं दार बंद केलं, अशा अर्थाचा. रोम आणि लुग्डुनम दोन्हीकडे पाडलं. लुग्डुनमच्या नाण्यावर नीरोच्या मानेच्या टोकाशी छोटा गोळा असतो, तो बघून टांकसाळ ठरवा.

आता भिंगाखाली काय बघायचं. ठशात तपशील खोदलेला असतो, म्हणून नाण्यावर तो उठावात येतो. जाळीची प्रत्येक पट्टी सपाट पृष्ठभागावरून वर आलेली हवी, आणि तिची कड जरा उतरती, कारण धातू दाबाने वाहत जाऊन ठशाच्या खाचेत भरलाय. टूलिंग करणारा धातू वाढवू शकत नाही, फक्त काढू शकतो. त्यामुळे तो पट्टीच्या आजूबाजूचं खरवडतो आणि पट्टी उठून दिसते. म्हणजे जाळीतले चौकोनी खड्डे आसपासच्या मोकळ्या जागेपेक्षा खोल गेले असतील, त्यांच्या भिंती उभ्या असतील, तळाला एकाच दिशेचे बारीक ओरखडे असतील, तर तिथे हत्यार फिरलंय. दहापट भिंग पुरतं.

दुसरी खूण झिजेची. नाणं दोन्ही बाजूंनी साधारण सारखं झिजतं. नीरोचे केस सपाट, कान गेलेला, आणि मागे जाळीचा एकेक धागा मोजता येतोय, हे जुळत नाही. पुढची बाजू जरा जास्त झिजू शकते, पण एवढा फरक नाही. अक्षरांकडेही बघा. मूळ अक्षरांचे पाय टोकाशी पसरट असतात. खरवडलेल्या अक्षरांची जाडी एकसारखी, बारीक आणि तारेसारखी होते.

तिसरी खूण पॅटिना, म्हणजे काळाने धातूवर चढलेला थर. खाचांतला रंग आणि वरचा रंग एकच आहे का? खरवडल्यावर आतला पिवळसर पितळी धातू उघडा पडतो (सेस्टर्शियस तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचा असतो), मग त्यावर हिरवा-काळा रंग चढवतात. नाणं हातात असेल तर कापसाची काडी ॲसिटोनमध्ये बुडवून कडेला हलकेच फिरवा. कापूस रंगला तर वर काहीतरी लावलंय. नुसतं मेण असलं तरी थोडा डाग येतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

विक्रेत्याकडून हे मागा: डावीकडून आणि उजवीकडून, दोन वेगळ्या दिशांनी तिरपा प्रकाश टाकून मागच्या बाजूचे दोन फोटो, आणि कडेचे चार फोटो. सरळ वरून पडलेल्या प्रकाशात खरवडलेले खड्डे लपतात, तिरप्यात त्यांच्या सावल्या पडतात. मग ओसीआरईच्या (रोमन साम्राज्याच्या नाण्यांचा ऑनलाइन कॅटलॉग) खुल्या डेटाबेसमध्ये हाच छाप काढा आणि संग्रहालयांच्या नमुन्यांशी जाळीच्या पट्ट्या मोजून ताडा. त्याच ठशाचं दुसरं नाणं सापडलं तर सोन्याहून पिवळं. ठशात सहा आडव्या पट्ट्या आणि तुमच्या नाण्यावर सात, तर विषय संपला.

कडेचे फोटो कशाला, तर ओतीव खोट्यांसाठी. साच्याची जोडरेषा, ती घासून काढल्याच्या खुणा, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खड्डे. गंजाचे खड्डे वेडेवाकडे असतात, बुडबुड्यांचे टाचणीच्या डोक्यासारखे. ओतीव प्रतीत अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल होतात. इंटरनेटवर दुसरं नाणं असं दिसलं की कडेची चीर, मध्य सरकलेला, अगदी ओरखडासुद्धा तोच, तर दोन्ही एकाच साच्यातली समजा. एका ठशातून हजारो नाणी निघतील, पण चीर प्रत्येकाची वेगळीच पडेल.

सोळाव्या शतकात पादुआच्या जिओव्हानी दा काव्हिनोने मोठ्या रोमन नाण्यांच्या देखण्या नकला केल्या. त्या 'पादुअन' नावाने आज स्वतंत्र जमवल्या जातात. त्यांची ओळख म्हणजे जास्तच गोल चकती आणि जास्तच नीटस अक्षरं. रोमन नाणं इतकं शिस्तीत नसतं.

आणि हो, दिनारियस हलका लागला म्हणून लगेच आजचा बनावट म्हणू नका. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळातला दिनारियस ३.९ ग्रॅमच्या आसपास भरतो, नीरोच्या सुधारणेनंतर ३.४ च्या. पण आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी त्या काळातलीच खोटी नाणीही असतात, त्यांना 'फुरे' म्हणतात. ती हलकी भरतात, चांदी सोललेल्या ठिकाणी लालसर दिसतं. ती प्राचीनच आहेत, फक्त किंमत वेगळी.

मुठाकाठ

धन्यवाद. कॅम्पगेट रद्द. फिलिप मागवतोय.

नीरोबद्दल विक्रेत्याने आज दोन तिरप्या प्रकाशातले फोटो दिले. जाळीचे चौकोन काळेभोर दिसतात, म्हणजे सावली खोल आहे. भिंतीच्या दगडी चिऱ्यांच्या रेषासुद्धा तशाच. दाराची माळ मात्र पुसट. वर्णनात खाली बारीक अक्षरात 'लाइट स्मूदिंग' असं लिहिलेलं आत्ता दिसलं.

कसोटीदगड

उत्तर तुम्हीच दिलंत. माळ वळणदार असते, ती कोरायला जड. म्हणून ती पुसट राहिली आणि सरळ रेषा तेवढ्या ठसठशीत झाल्या. 'स्मूदिंग' म्हणजे फक्त मोकळी जागा घासून गुळगुळीत करणं, तपशिलाला हात न लावता. हे त्याच्या पुढचं आहे. विक्रेते टूलिंगला स्मूदिंगचं नाव देतात, म्हणून बारीक अक्षर आधी वाचावं.

सोडून द्या. जानसच पाहिजे तर सेस्टर्शियसचा हट्ट सोडा, तोच छाप अ‍ॅसवर घ्या. तांब्याचा, साधारण १० ते ११ ग्रॅम. देऊळ तेच, लेख जवळपास तोच, पैसे बरेच कमी, आणि कमी किमतीच्या नाण्यावर कोणी तासन्‌तास सुई फिरवत बसत नाही. झिजलेला पण न छेडलेला बघा.

ऱ्हाइनकाठचा

सगळे रोम टांकसाळीतच अडकलेत. देवळांचा खरा बाजार पूर्वेकडे आहे, प्रांतिक नाण्यांत. आशिया मायनर, सीरिया, पॅलेस्टाइनच्या गावांनी स्वतःची ब्राँझ नाणी पाडली, पुढे सम्राट आणि मागे गावचं देऊळ. लेख ग्रीकमध्ये, म्हणून नवखे बिचकतात. त्यामुळेच किमती आटोक्यात राहिल्यात.

पहिल्या फिलिपचं झ्यूग्माचं नाणं बघा. युफ्रेटिसकाठचं गाव, चार खांबांचं देऊळ टेकडीवर, पुढे झाडं असलेलं आवार, खाली मकर. मोठं, जाड ब्राँझ, आणि बाजारात नेहमी असतं. नेआपोलिसच्या (आजचं नाब्लुस) अँटोनायनस पायसच्या नाण्यावर गेरिझिम डोंगर आहे, वर देऊळ आणि तिथपर्यंत चढत जाणारा जिना. पर्वतीचं चित्र शाळेत काढलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं. कुठल्याही रोमच्या नाण्यावर एवढा भूगोल मिळणार नाही.

सायप्रसच्या नाण्यांवर पाफोसचं अफ्रोडाइटीचं देऊळ येतं. आत मूर्ती नाही, शंकूसारखा दगड आहे. आपल्याकडे तांदळा असतो, तसं. एमेसाच्या (आजचं होम्स) नाण्यांवरही देवळात असाच दगड. विक्रेते कधी त्याला 'अस्पष्ट मूर्ती' लिहितात, तेव्हा स्वस्तात सुटतं.

इफेसससारख्या गावांच्या नाण्यांवर दोन, तीन, चार देवळं एकत्र दिसली तर लेखात 'नेओकोरोन' शोधा. सम्राटाच्या पूजेचं अधिकृत देऊळ राखण्याचा तो मान, आणि त्याच्या आधीचं ग्रीक अक्षर आकडा सांगतं: बीटा असेल तर दोनदा, गामा असेल तर तीनदा. स्मर्ना, पर्गमम, इफेसस यांची त्यावरून चुरस चालायची. नाण्यावर देवळं मोजून शेजारच्या गावाला खिजवायचं.

ओळखायला आरपीसीचा (रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज) ऑनलाइन कॅटलॉग वापरा. गावाचं नाव, सम्राट आणि 'टेम्पल' एवढं टाकलं तरी फोटोसकट यादी येते. यात खोट्यांपेक्षा चुकीच्या ओळखीचा धोका जास्त, कारण झिजलेल्या लेखात गावाची पहिली तीन अक्षरंच उरतात.

कलम_७२

भारतात मागवण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत 'किमान शंभर वर्षं जुनं नाणं' येतं. नाणं कुठे पाडलं गेलं याचा त्यात उल्लेख नाही. आणि अशा वस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेशिवाय कोणी करू शकत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: एकदा आत आलेलं नाणं परत पाठवणं अवघड. विक्रेत्याची 'आजन्म परतीची हमी' पुण्यात बसून कामाची नाही. नाणं तपासून डबीत बंद करून घ्यायला अमेरिकेला पाठवायचं, हेही डोक्यातून काढा. ते करायचंच तर विक्रेत्याकडून थेट तिकडे पाठवून मग इकडे मागवा. नाणं खोटं निघालं तर ते पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो, पण त्यात वेळ जातो आणि विक्रेत्याची मुदत तोवर उलटते. म्हणून कसोटीदगड यांनी सांगितलेले फोटो पैसे भरण्याआधी मागायचे.

बिलावर पूर्ण वर्णन लिहून घ्या: सम्राट, धातू, वजन, अंदाजे वर्ष, 'नाणेसंग्रहासाठी', आणि ९७०५ हा शीर्षक क्रमांक. नुसतं 'मेटल डिस्क' किंवा 'गिफ्ट' लिहायला सांगू नका, अडकलं तर सोडवताना तोच कागद अंगाशी येतो. किंमत कमी दाखवू नका. दर बदलत असतात, मागवायच्या आठवड्यात कस्टम ब्रोकरला विचारा. सर्वच कुरिअर नाणी घेत नाहीत, तेही आधी पक्कं करा. लिलावात घेत असाल तर हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराचं शुल्क असतं, बऱ्याच ठिकाणी २० टक्के किंवा त्याहून जास्त. ६० हजारांत ते धरलंय ना?

पुढे संग्रहात दुबार झालेली नाणी विकायची तर एक लक्षात ठेवा: पुरावशेष विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो.

आणि गावाकडे कोणी 'शेतात सापडलेला देवळाचा रोमन दिनार' दाखवला तर दोन कारणांनी लांब राहा. एक, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते परस्पर विकता येत नाही. दुसरं, भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत मुख्य भरणा दोनच छापांचा आहे: ऑगस्टसचं गायस-लुशियसवालं (त्याचे दत्तक घेतलेले नातू) आणि टायबेरियसचं 'पोंटिफ मॅक्सिम', बसलेल्या आकृतीचं. दोन्हींवर देऊळ नाही. आपल्या संस्कृत 'दीनार' शब्दाचं मूळ दिनारियसमध्ये आहे हे खरं, म्हणून प्रत्येक दिनार वावरात उगवत नाही.

शिक्कामोर्तब

साठवणीचं राहिलं, तेवढं सांगून टाकतो. फिलिप चांदीचा म्हणवतो, पण त्यात तांबं निम्म्याहून जास्त असतं. मॅक्सेन्शियस आणि वर सांगितलेली प्रांतिक नाणी तर तांब्याच्या मिश्रधातूचीच. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा ती बाधतात, कोकणात आणि मुंबईत तर विचारू नका.

भीती 'ब्राँझ डिसीज'ची. फिकट हिरवी पूड, काडीने काढली तरी आठवड्यात त्याच जागी परत. धातूत अडकलेले क्लोराइड दमटपणाबरोबर काम करत राहतात. कठीण, चकचकीत हिरवा थर म्हणजे रोग नाही, ती पॅटिना, तिला हात लावू नका. पूड दिसली की नाणं लगेच इतरांपासून वेगळं करा, पूड लाकडी काडीने काढा, डिस्टिल्ड पाण्यात ५ टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेट करून त्यात बुडवून ठेवा. द्रावण आठवड्याला बदला. काही आठवडे लागतात, आणि पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो हे आधीच मान्य करा. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीनदा बुडवून, पूर्ण वाळवून, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. महिनाभर वेगळं ठेवून बघा आणि मगच परत डब्यात.

पाकिटं मायलारची घ्या, ती कडक असतात. मऊ, वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात. वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. चांदीवर आला तर केमिस्टकडचं शुद्ध ॲसिटोन चालतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध घातलेला असतो. डबा हवाबंद, आत सिलिका जेल, आणि शंभर रुपये जास्त गेले तरी आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ते कधी वाळवायचं ते कळतं.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यातलं काही नाही. देवघरातली समई आणि हे नाणं यांत फरक आहे. पॅटिना गेली की निम्मी किंमत गेली, आणि देवळाच्या पायऱ्यांसारखा बारीक तपशील बऱ्याचदा त्या थरातच टिकलेला असतो.

फिलिप आला की वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत करा. मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, प्रकाश डावीकडून, तिरपा. त्रिकोणाच्या कडा बघायच्या आहेत.